फॅट किती लागली?

मी गाव सोडलं त्या सकाळी माझी आई स्टँडवर वेळेत पोचलीच नाही. सोनईच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागलेली, दादांनी म्हणजे माझ्या वडिलांनी दोन्ही बॅगा सीटखाली ढकललेल्या, कंडक्टर दोनदा दोरीला हात लावून थांबलेला, आणि मी दारातच उभी राहून रस्त्याकडं बघत होते. नवरा महिनाभर आधी इंग्लंडला पुढं गेला होता, आता माझी पाळी होती. पुणे, मग मुंबई, मग विमान. परत कधी येणार याचा काही ठावठिकाणा नव्हता. आणि आई डेअरीवर दूध घालायला गेलेली. पोरगी परदेशी चाललीय म्हणून गाय काही थांबत नाही.

शेवटी मी सीटवर जाऊन बसले तेव्हा आली ती धापा टाकत, पदर खोचलेला, हातात रिकामा कॅन. तिनं खिडकीतून माझा हात धरला. तिच्या हाताला दुधाचा वास होता. मला वाटलं, आता रडेल, काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "आज चार-दोन लागली." एसटी सुटली. बाजूच्या सीटवरच्या बाई हसायला लागल्या, मीही हसले आणि नगर रस्त्यावरच्या वडाळ्यापर्यंत रडत गेले.

हे मी लिहितेय ते तुम्हा गावाकडच्यांसाठी आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांसाठीही. गावाकडच्यांना 'चार-दोन' सांगावं लागत नाही. बाकीच्यांच्या पोरांसाठी सांगते. दुधातला स्निग्धांश म्हणजे फॅट. डेअरीवर मशीनमध्ये चमचाभर दूध जातं आणि आकडा येतो. गाईला साडेतीन लागली तर ठीक, चार लागली तर उत्तम, चार-दोन, म्हणजे चार पॉइंट दोन, लागली तर बाईनं गाय नीट सांभाळलीय. दर त्यावर ठरतो हे खरं, पण गोष्ट नुसती दराची नाही. आमच्याकडं सकाळी रस्त्यात माणूस भेटला की बरं आहे का असं विचारत नाहीत, "फॅट किती लागली?" असं विचारतात. ज्याला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही त्यालाही हा शब्द येतो, आणि तो इंग्रजी आहे हे त्याच्या गावीही नसतं. आई चौथी शिकलेली. तिच्या तोंडी हा शब्द मी रोज दोन वेळा ऐकला आणि कधीच वाईट अर्थानं ऐकला नाही. तर त्या सकाळी तिच्याकडं त्या दिवसाची सगळ्यात चांगली बातमी होती, ती तिनं मला बरोबर बांधून दिली. हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आईचं एक वेड होतं, अजून आहे. डेअरीवर रांग असते. कॅन अर्धा-पाऊण तास उभा राहिला की फॅट वर चढते, आणि वरवरचं दूध मापाला घेतलं तर आकडा जास्त येतो. हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून पुष्कळ जण आपला कॅन हलू देत नाहीत, तान्ह्या पोरासारखा अलगद ठेवतात. आई मात्र आपला नंबर आला की पळी मागून घ्यायची, तळापासून वर ढवळायची आणि मग म्हणायची, घ्या आता. डेअरीवर माप घेणारे भाऊ तिला चिडवायचे की मावशी, स्वतःच्या हातानं आकडा खाली आणता. दादाही चिडायचे. ती म्हणायची, खाली काय हाय ते बी कळू द्या की. मला शाळेत असताना तिची फार लाज वाटायची, अगदी मैत्रिणींसमोर तर जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. आज वाटतं, असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात बसवायला पाहिजे.

तर मी लीड्सला आले. इथं दुकानात दूध प्लास्टिकच्या बाटलीत, आणि झाकणाचे रंग वेगवेगळे. निळं झाकण म्हणजे पूर्ण फॅटचं, हिरवं म्हणजे अर्धी काढलेली, लाल म्हणजे सगळी काढून टाकलेली. मी पहिल्या आठवड्यात लाल झाकणाचं दूध चहात ओतलं आणि नवऱ्याला म्हटलं, यांच्या गाईला काय झालंय? आमच्या डेअरीवर हे दूध नेलं असतं तर भाऊंनी कॅन परत हातात दिला असता. इथं लोक ते निवडून घेत होते. डब्यांवर मोठ्या अक्षरात अभिमानानं लिहिलेलं, लो-फॅट, फॅट-फ्री. म्हणजे आम्ही जन्मभर जे मिळवायला धडपडलो ते यांनी काढून टाकलं, आणि काढलं म्हणून पाठ थोपटून घेतली.

मग मला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम लागलं. रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये घालायच्या, आकडे बघायचे. तिथंही फॅटच, फक्त रक्तातली. ती वाढली की वाईट, कमी झाली की डॉक्टर खूश. शेजारी बसणारी बाई एकदा म्हणाली, आपल्याला सुट्टी मिळण्याचा 'फॅट चान्स' आहे. मी घरी येऊन सांगितलं की सुट्टी नक्की मिळतेय, मोठा चान्स आहे. नवरा हसून हसून लोळला. त्याचा अर्थ अजिबात चान्स नाही असा होतो. आपली मराठीही काही कमी नाही म्हणा. बाळ गुटगुटीत असलं की कौतुक, सून अंगानं भरली की सासरचं कौतुक, आणि कुणी उलट बोललं की लगेच, चरबी चढलीय का तुला?

पण इथं तो शब्द माणसाच्या अंगावर फेकून मारतात, हे मला हळूहळू कळलं. बसस्टॉपवर दोन पोरं एका बाईला बघून तो एकच शब्द म्हणाली आणि निघून गेली. ती बाई तशीच उभी राहिली, मोबाईलमध्ये बघत. मी तिच्याहून बारीक नव्हते. त्या संध्याकाळी मी वजनकाटा विकत आणला आणि बाथरूममध्ये ठेवला. दुसऱ्या दिवसापासून घरात लाल झाकण. मी रोज सकाळी काट्यावर उभी राहायचे, आकडा बघून माझा दिवस ठरायचा. जेवताना मी सगळ्यांना वाढायचे आणि मला भूक नाही म्हणायचे. माझी मुलगी रेवा हे सगळं बघत वाढली. मी तिला कधी काही बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत होते. बोलायची गरजच नव्हती.

रेवा चौदाची झाली तेव्हा वर्गातल्या कुणीतरी तिला तोच शब्द ऐकवला. हे मला फार उशिरा कळलं. आधी एवढंच दिसलं की पोरगी नाश्ता सोडते, डबा परत आणते, पळायला जाते. खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते: पहिले दोन महिने मला बरंच वाटलं. पाडव्याला जमलेल्या आमच्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, किती छान बारीक झाली गं, काय करते? आणि मी आई म्हणून मिरवले. मग तिचे कपडे लोंबायला लागले. केस गळायला लागले. उन्हातही स्वेटर घालून बसायची. तेव्हा कुठं मी घाबरले आणि तिच्या मागं लागले. प्रत्येक घास मोजायचे. समोर बसून तोंडाकडं बघायचे. एवढी पोळी खा, निदान अर्धी खा, माझी शपथ. जितकं मी बघायचे तितकं ती कमी खायची. डॉक्टरांकडं नाव घातलं, त्यांच्याकडं रांग होती. शाळेला सुट्टी लागली तशी मी तिला घेऊन सोनईला आले. दुसरं काही सुचलं नाही.

गावात माझं स्वागत कसं झालं ते तुम्हाला माहीतच आहे, तुमच्यातल्याच बायकांनी केलं. "लई मस्त झालीस गं पोरी, चांगली जाड झालीस!" माझ्या दंडाला चिमटे काढून बघितले. कुणाच्या मनात काडीइतकं वाईट नव्हतं. पोरगी सुखात आहे, तिला पोटभर मिळतं, एवढाच त्याचा अर्थ. पण रेवा बाजूला उभी होती आणि तिचं तोंड पांढरं पडलं. आईनं तिला जवळ घेतलं, जरा जास्त वेळ धरून ठेवलं आणि सोडलं.

पुढचे आठ दिवस मी ताटाशी बसून पहारा केला आणि हरले. रेवा भाकरीचा तुकडा हातात धरून कुस्करत बसायची, माझी नजर हलली की तो वासराच्या पुढ्यात जायचा. दादा समजावून थकले. आई मात्र उठून शेण काढायला जायची. मला तिचा रागच आला होता. म्हटलं, नात डोळ्यांसमोर सुकतेय आणि हिचं लक्ष गोठ्यात.

गोठ्यात तेव्हा एक गाय नुकतीच व्यालेली होती, तीन आठवडे झाले असतील. चांदी तिचं नाव. एका सकाळी दादा डेअरीवरून हसतच आले, हातात चिठ्ठी नाचवत. चांदीच्या दुधाला पाच-एक लागली होती. गाईच्या दुधाला पाच-एक. रांगेतल्या लोकांनी त्यांना चहा मागितला, भाऊंनी मशीन पुसून परत लावून बघितलं, पुन्हा पाच-एक. दादा मला म्हणाले, तुझ्या पायगुणानं. आईनं चिठ्ठी हातात घेतली, वाचली, आणि तिचा चेहरा उतरला. ती तडक गोठ्यात गेली. मी मागोमाग. तिनं गव्हाणीत हात घालून दाखवला. पेंड तशीच होती, कालचीसुद्धा. चांदीच्या पाठीवरून, माकडहाडावरून तिनं हात फिरवला. मी शहरात राहून गाय विसरले होते, पण हाडं वर आलेली मलाही दिसली.

"अंगावरचं वितळवून दूध देतीया ही," आई म्हणाली. "खात न्हाई अन् देतीया. म्हणून फॅट वाढली. मशीनला काय कळतंय? ये हिकडं, तोंड हुंग हिचं."

मी वाकले. चांदीच्या श्वासाला गोडसर, उग्र वास होता, नखांचा रंग काढायच्या पाण्यासारखा. लॅबमध्ये काम करून करून मला तो ओळखता येतो. उपाशी शरीर स्वतःची चरबी जाळायला लागलं की हाच वास येतो. आणि हाच वास मी चार महिने रोज सकाळी घेत होते. रेवाच्या खोलीत. मी तिला विचारलंही होतं, नखं रंगवतेस का गं? ती हो म्हणाली होती, आणि मी सोडून दिलं होतं. मी, जिचं पोट त्याच कामावर चालतं.

आईनं माझ्याकडं बघितलं नाही. चांदीच्या मानेवर हात ठेवून ती म्हणाली, "पोरीला पैल्याच दिशी जवळ घेतलं तवाच ह्यो वास आला मला."

मी तिथंच शेणात बसून रडले. आईनं मला रडू दिलं आणि दादांना डॉक्टरला फोन लावायला सांगितलं.

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी चांदीला सलाईन लावलं, औषध दिलं, म्हणाले, मावशी, वेळेत ओळखलंत, दोन दिवसांनी बसली असती ती. मग उठली नसती. दादा पाच-एकची चिठ्ठी खिशात कोंबून उभे होते. रेवा दाराला टेकून सगळं बघत होती. तिनं तिच्या मोडक्या मराठीत आज्जीला विचारलं, मरेल का ती? मी मध्ये पडून काहीतरी गोड सांगणार होते. आईनं सरळ सांगितलं, खाल्लं न्हाई तर मरंल, खाल्लं तर न्हाई मरायची.

दुपारी आईनं विळ्यानं कोवळा लसूणघास कापून आणला, त्यावर गूळ कुस्करला, गव्हाणीत टाकला आणि चांदीकडं पाठ करून शेण ओढायला लागली. मी आपली गव्हाणीजवळ उभी, खातेय का बघत. आईनं मला हाताला धरून बाजूला केलं. रेवानं विचारलं, तू बघत का नाहीस? तिला जबरदस्तीनं का भरवत नाहीस? तेव्हा आई जे बोलली ते मी पुढं कितीतरी वेळा मनात म्हटलंय.

"तोंडाकडं बघत उभं ऱ्हायलं की जनावर खात न्हाई, बाळा. टाकायचं अन् पाठ फिरवून आपल्या कामाला लागायचं. पर गोठ्यातनं जायचं न्हाई. आपुन हाय हितं हे तिला कळलं पायजे."

तिनं हे रेवाला सांगितलं, पण मला वाटतं मलाच सांगितलं. त्या दिवसापासून आईनं जेवणाची पद्धत बदलली. रेवाचं ताट वाढायचं, बाजरीची भाकरी, तूप, जे असेल ते, आणि आई तिच्याकडं पाठ करून चुलीपुढं बसायची. उद्याची मिरची खुडायची, लसूण सोलायची, कधी नुसतंच भांडं घासलेलं पुन्हा घासायची. मलाही तिनं पाठ करून बसवलं. तुम्हाला सांगते, आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. मान वळू नये म्हणून मी पोळपाट धरून बसायचे. पहिले दोन दिवस मागून काहीच आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी चांदीनं पेंडीला तोंड लावलं. रेवानं ते चोरून बघितलं होतं, धावत येऊन तिनंच सांगितलं. त्या दुपारी माझ्या पाठीमागं भाकरी मोडल्याचा आवाज आला. मी आईकडं बघितलं. आईचा लसूण सोलायचा हात थांबला नाही, पण डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

मी हे लिहितेय म्हणून कुणी समजू नका की आठ दिवसांत सगळं ठीक झालं. गाईचं आणि माणसाचं दुखणं एक नसतं. लीड्सला परतल्यावर डॉक्टरांकडं नंबर लागला, एक समजूतदार बाई रेवाशी दर आठवड्याला बोलतात, आणि अजून पुष्कळ चालायचं आहे. काही दिवस ताट तसंच परत येतं. चांदी मात्र ठणठणीत आहे. तिची फॅट तीन-आठवर उतरली. आईनं फोनवर ते इतक्या आनंदानं सांगितलं की कमी झालेल्या फॅटचा असा आनंद करणारी बाई आख्ख्या नेवासा तालुक्यात दुसरी नसेल. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तो शब्द कुणाला मारायला वापरतात हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला ते पटलंच नाही. पण इथल्या कितीतरी शिकलेल्यांपेक्षा, माझ्यापेक्षा तर नक्कीच, आकडा कुठं खोटं बोलतो हे तिला जास्त कळतं. मला तिचा अभिमान वाटतो, आणि तिच्यापासून इतकी लांब राहते याचं वाईट वाटतं. दोन्ही एकदम वाटतं.

वजनकाटा मी टाकून दिला. बाथरूममध्ये त्याच्या जागी फरशीवर चार पांढरे डाग राहिलेत. बाकी घर तसंच आहे. मी रेवाचं ताट वाढते आणि सिंककडं तोंड करून उभी राहते, भांडी असोत वा नसोत.

परवा संध्याकाळी अशीच उभी होते. बाहेर अजून ऊन होतं. मागं चमच्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. मग रेवा म्हणाली, "आई, तू कधी जेवणार?"

मी सवयीनं म्हणाले, मला भूक नाही.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी वळले तर तिनं दुसरं ताट घेतलेलं, त्यात दोन पोळ्या, भाजी, वर तूप. ते तिनं माझ्या खुर्चीपुढं ठेवलं आणि माझ्याकडं पाठ करून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता. इतके दिवस जिच्या तोंडाकडं मी बघत होते ती पोरगी मला पाठ देऊन उभी होती, आणि स्वयंपाकघरातून जात नव्हती. लोक विचारतात, तुझं घर नेमकं कुठलं, सोनईचं की इथलं? मला आतापर्यंत उत्तर देता यायचं नाही. ताट वाढून, पाठ फिरवून कुणी तिथंच थांबलेलं असेल ते माझं घर, मग ते कुठंही असो.

मी बसले आणि दोन्ही पोळ्या खाल्ल्या.